लांजेवारच्या शेगडीची चाकं

लांजेवार कुणाच्याही घरी गेला की आधी विचारतो, "निघाचं कुठून?"

अजून बसलेला नाही. पाणी घेतलेलं नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि याला परत जायची वाट पाहिजे. चपला काढतो त्याही तोंड रस्त्याकडं करून. लग्नाला गेला तर नवरानवरीकडं बघत नाही, हॉलला दारं किती ते मोजतो. जेवायला दाराजवळच्या टेबलावरच बसतो, मग तिथं वाढपी सगळ्यात शेवटी येवो.

माझी बायको हौसा गेली. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी गेली. तिच्या तेराव्याला घरापुढं मांडव घातला होता. लोक यायचे, माझ्यापुढं बसायचे, डोळे पुसून उठायचे. मी तेरा दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. लांजेवार आला. आधी मांडवाला आतून एक फेरी मारली. आचाऱ्याच्या मागं लागून गॅसची टाकी कनातीपासून लांब घ्यायला लावली. मग माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला,

"भाऊ, मांडवाले दुसरं दार नाही न?"

माझं डोकं फिरलं. "तुमच्यासाठी कनात फाडू का?"

त्यानं मागं वळून कनातीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. "फाटते न. मग ठीक आहे," म्हणाला, आणि निवांत मांडी घालून बसला.

माझा मेहुणा तोंडात उपरणं कोंबून बाहेर पळाला. माझ्या बायकोच्या तेराव्याला माणसं हसली. राग आला मला. पण खरं सांगतो, त्या तेरा दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

आम्ही वारज्यात राहतो. दोघांची बैठी घरं खांद्याला खांदा लावून. मागं दोघांत मिळून एक परसदार, शहाबादी फरशी घातलेलं, पाणी वाहून जायला माझ्या बाजूला उतार. मी मार्केट यार्डात चाळीस वर्षं हातगाडी ओढली. शाळा चौथीपर्यंत. हौसा तिथंच कांदा निवडायची. लांजेवार शिकलेला, भंडाऱ्याकडचा. तिकडं एका कारखान्यात तो सेफ्टीत होता. सेफ्टी म्हणजे काय, तर दुसरा माणूस काम करत असताना शेजारी उभं राहून 'हे पेटणार' असं सांगायचं. तीस वर्षं त्यानं ते सांगितलं. कारखाना एकदाही पेटला नाही. त्याचं म्हणणं, "मी सांगून राहिलो होतो म्हणून नाही पेटला." आता यावर काय बोलायचं?

त्याची बायको तिकडंच वारली. रिटायर झाल्यावर मुलगी पुण्यात नोकरीला, म्हणून हा इकडं आला. दोन वर्षांत मुलगी बंगळूरला गेली. हा राहिला.

त्याच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला चाकं आहेत. कपाटाला, पलंगाला, पाण्याच्या पिंपाला, कागदांच्या ट्रंकेला. देवघराला पण. आग लागली तर उचलत बसायचं नाही, ढकलत न्यायचं. पलंगापासून फाटकापर्यंत सात म्हणायच्या आत माणूस बाहेर पाहिजे, हा त्याचा कायदा. माझ्या घरात त्यानं मोजून बघितलं तर अकरा भरले. दिवसभर त्याला चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेलो तेवढ्यात माझी खाट त्यानं दाराच्या तोंडाशी आणून ठेवली. आल्या आल्या मी खाटेवरच आपटलो.

"हे काय केलंत?"

"अकराचे आठ केले," तो म्हणाला. "राहिलेला एक आकडा तुमच्या गुडघ्यांचा आहे. त्याले मी काय करू?"

बुधवार पेठेतून त्यानं धूर हुंगणारं एक यंत्र आणून लावलं होतं. माझ्या घरात मोहरी तडतडली की त्याच्या घरात बोंब. शेवटी हौसा फोडणी टाकायच्या आधी भिंतीवर दोन थापा मारायची आणि ओरडायची, "लांजेवार भावजी, फोडणी!" मग हा ते यंत्र पिशवीत घालून फाटकापाशी नेऊन उभा राहायचा. वास गेला की परत. असं पाच वर्षं चाललं. आता भिंतीवर थाप नाही नि फोडणी पण नाही. मी डबा आणतो.

मी त्याला हसायचो. पण त्याचं वारं मला पण लागलं. बँकेत गेलो की पहिली नजर मागच्या दारावर. हौसा गेल्यापासून मी तसाही भ्यायला लागलोय. आंघोळीला जाताना मोरीची कडी लावत नाही. आत पडलो तर दार कोण फोडणार? हे मी कुणाला बोललो नव्हतो. लांजेवारला कसं कळलं देव जाणे. एक दिवस आला, माझ्या मोरीची कडी स्क्रू काढून खिशात घातली, आणि गेला.

असा माणूस. आणि या माणसानं आग विकत घेतली.

त्याचं असं झालं. मोबाईल तो कानाला लावत नाही, बॅटरी फुटते म्हणून. स्टीलच्या ताटात ठेवून हातभर लांबून बोलतो. त्यामुळं त्याच्या घरचं सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. एक दिवस नात बोलत होती, सई, सात वर्षांची.

"आबा, रियाच्या बर्थडेला बार्बेक्यू होतं. तुमच्याकडे बॅकयार्ड आहे ना? आपण करू या ना!"

मग मुलीचा आवाज. वैशाली. "बाबा, तिच्या नादी लागू नका. माझ्या घरात मी गॅससुद्धा घेतला नाही, सगळं विजेवर आहे. तुमच्याकडे शेगडी पेटलेली दिसली तर मी सईला घेऊन तशीच परत फिरेन. सांगून ठेवते."

"तू ये तर. पाहून घे. नाही पटलं तर जा," लांजेवार म्हणाला. म्हणून गेला आणि मग स्वतःच घाबरला असणार, कारण लगेच माझ्याकडं आला.

"भाऊ, मी भलतंच बोललो."

"मग फोन करून सांगा, नाही करत म्हणून."

"नाही. चार वर्षांत पोरगी माझ्या घरी राहाले आली नाही. आता येऊन राहिली. तिची भीती घालवाची आहे मले. माझी असू द्या. तिची नको."

मग त्यानं सांगितलं. वैशाली चार वर्षांची असताना कारखान्याच्या क्वार्टरमध्ये कोळशाची शेगडी कलंडली होती. डावा हात भाजला, कोपरापासून मनगटापर्यंत. "तिच्या आईनं शेगडी नीट ठेवली नव्हती," असं तो म्हणाला आणि माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला.

शेगडी आली. हायवेपलीकडच्या एका सोसायटीतलं कुटुंब परदेशी चाललं होतं, त्यांच्याकडून घेतलेली जुनी. काळा पत्रा, वर जाळी, वर झाकण, चार पाय. दोन पायांना हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची चाकं, दोन पाय नुसते. टेम्पोतून उतरवून परसदारी ओढताना फरशीच्या सांध्यात एक चाक अडकलं आणि तडकलं. लांजेवार पांढरा पडला.

"भाऊ, चाक तुटलं म्हणजे आग जागेवर राहणार. बाहेर कशी काढाची?"

चाक म्हटल्यावर त्यानं मला विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं मी दोन चाकांच्या पुढं काढली. पण शिकलेला माणूस. त्यानं ऑफिसातल्या मोडक्या खुर्चीची चार चाकं आणली, चहूकडं गरागरा फिरणारी, आणि चारी पायांना ठोकली. बोटानं ढकलली तरी शेगडी पळायला लागली. हा खूश.

मी म्हटलं, "अहो, फरशीला उतार आहे."

"फाटकाकडे आहे का?"

"माझ्या घराकडं आहे."

"मग काही नाही," म्हणाला. त्याच्या डोक्यात फक्त फाटक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. डोक्यात हेल्मेट, गळ्यात शिट्टी, शेजारी वाळूची बादली आणि भिजवलेली पोती. कोळसा फुलला. त्यानं दोन वांगी ठेवली, भरताची, मोठी. चिमट्यानं एक वांगं उलटं केलं. तेवढा धक्का पुरला. शेगडी हलली. आधी मला वाटलं मीच सरकलो. मग ती चालायला लागली, आणि मग धावायला. समोर माझं मागचं दार सताड उघडं. दाराच्या आत गॅसची टाकी.

लांजेवारनं शिट्टी फुंकली. "एक! दोन! तीन!" ओरडत तो निघाला, आणि सातला खरंच फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होता. कायद्याप्रमाणं. इकडं शेगडी, कोळसे, दोन वांगी आणि मी.

पळत्या गाडीच्या पुढं कधी उभं राहायचं नाही, बगलेनं जायचं, हे यार्डात पहिल्या दिवशी शिकवतात. मी बगलेनं गेलो आणि भिजलेलं पोतं चाकांत फेकलं. शेगडी माझ्या उंबऱ्याला धडकून थांबली. टाकी तिथून वीतभर. एक निखारा आत घरंगळला तो मी चपलेनं विझवला. मग खालीच बसलो. मनात आलं, बरं झालं हौसा घरात नाही. आणि आलं तसं मलाच कसंतरी झालं. हे काय मनात आणलं मी?

लांजेवार परत आला. चेहरा पडलेला.

"भाऊ, तुम्ही सातात निघाले नाही."

"कुठून निघू? दारात तुमची शेगडी!"

"मागच्या दारानं…"

"हेच मागचं दार आहे, लांजेवार!"

तो खाली बसला आणि हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. वांगी मात्र चांगली भाजली होती.

पुढच्या रविवारी तो जुन्या बाजारात गेला आणि लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं घेऊन आला. आरे असलेली, हवेची. खुर्चीची चाकं काढून टाकली, एका बाजूला ही बसवली, दुसरीकडचे पाय नुसते ठेवले, म्हणजे आपोआप पळणार नाही. कल्पना वाईट नव्हती. पण चाक मोठं झालं की ती बाजू उचलली जाते. एवढं त्याच्या लक्षात आलं नाही. शेगडी अशी तिरकी झाली की कोळसे, अजून पेटवलेलेही नव्हते, सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले.

"गाडी उलाळ झालीय," मी म्हटलं. "वजन एका अंगाला गेलं. हातगाडीत पोती मागं जास्त झाली की पुढचा दांडा वर उठतो आणि हमाल लोंबकळतो, तसं."

"मग काय कराचं?"

"त्यात काय? त्या दोन पायांखाली विटा घाला. सारखं होतंय."

मोरीजवळ एक अर्धी वीट पडली होती. मी ती उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. शेगडीजवळ वाकला. आणि तसाच राहिला. वीट हातात, हात हवेत. मला वाटलं झटका आला. मी त्याला धरून पायरीवर बसवलं.

"भाऊ, ती वीट मी ठेवली होती."

"कुठली वीट?"

"क्वार्टरमधली. शेगडीचा एक पाय आखूड होता. वैशूची आई, शालू, म्हणे, दुरुस्तीले द्या. मी म्हटलं, रविवारी पाहतो. तवर विटेचा तुकडा लावला. या हातानं. पोरगी धावत आली, शेगडीले धक्का लागला, वीट सरकली."

"मग बायकोनं ठेवली म्हणत होतात ते?"

"तिनंच सांगितलं तसं. दवाखान्यात सांगितलं, शेजारी सांगितलं, पोरीले सांगितलं. मले म्हणे, सेफ्टीच्या माणसाच्या घरी शेगडी विटेवर, हे कारखान्यात कळलं तर तुमाले कोणी उभं करणार नाही. मीच ठेवली म्हणते. मी काही बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू. त्याच साली मले सेफ्टीची ढाल भेटली. शालू समोर बसून टाळ्या वाजवून राहिली होती."

मला गोड बोलता येत नाही. हौसा असती तर तिनं पाणी दिलं असतं, पाठीवर हात फिरवला असता. मी म्हटलं, "तुमची बायको तुमचा दोष डोक्यावर घेऊन गेली, आणि तुम्ही लोकांना दारं दाखवत फिरताय?"

"हो."

"मुलीला सांगा."

"नाही सांगता येत. ती उठून जाईल, भाऊ. आणि मग मले कोणी नाही."

"मग चाकं कितीही बदला. तिची भीती जायची नाही. कारण तुम्हीच खोटं बोलताय."

तो उठला आणि आत गेला. दार लागलं.

त्यानंतर दोन दिवस तो दिसला नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, रुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याची पिशवी त्याच्या कडीला तशीच लटकत होती. दहा वाजले तरी तशीच. मी दार वाजवलं. आवाज नाही. हाका मारल्या. नाही. जो माणूस दुसऱ्याच्या मोरीची कडी काढून नेतो, त्याचं स्वतःचं दार आतून बंद. हौसाला त्या दिवशी मी अशाच हाका मारल्या होत्या, चहा घेऊन उभा होतो आणि ती ओ देत नव्हती. मी दारावर दोन्ही हातांनी मारायला लागलो. तोंडानं काय चाललं होतं मला कळत नव्हतं. नंतर कळलं, मी आकडे म्हणत होतो. सात कधीच झाले होते. वीस झाले होते.

दार उघडलं. लांजेवार, दाढी वाढलेली, हाताला ग्रीस.

"काहून बोंबलून राहिले?"

"मेलात का काय ते बघायला आलो!"

"पलंगाखाली होतो. चाकं काढून राहिलो. पाहतो, शेगडीले बसतात का." मग माझ्याकडं नीट बघितलं. "भाऊ, तुम्ही घाबरले?"

मी शिवी दिली. इथं लिहीत नाही.

त्याच दिवशी मी बसमध्ये बसलो आणि मार्केट यार्डात गेलो. हौसा गेल्यापासून तिकडं फिरकलो नव्हतो. भीतीच वाटायची. कांद्याच्या गाळ्यावरून जावं लागतं, दुसरी वाट नाही. तिच्या जागेवर आता एक तरुण बाई बसते. तशीच गुडघ्यावर पदर घेऊन, तसाच सडका कांदा मागं न बघता खांद्यावरून टाकते. मी थांबलो नाही. आमच्या जुन्या टोळीतला एक गडी आता पोत्यांच्या ढकलगाड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडून चार चाकं घेतली. बिडाची, वर घट्ट रबर, हवा नाही म्हणजे फुटायचं भय नाही. चारी एका मापाची. दोनांना पायानं दाबायचा खटका, ब्रेकचा. एकेक चाक फिरवून कानाशी धरलं. चांगलं बेअरिंग बोलत नाही. एक करकर करत होतं, ते बदलून घेतलं.

लांजेवारला म्हटलं, "तुम्ही पळायची गाडी करताय. पळवायला काय लागतं? शेगडीला उभं राहता आलं पाहिजे."

वेल्डरकडून पाय फाकवून घेतले, म्हणजे धक्का लागला तरी कलंडणार नाही. चाकं बसवली. खटका दाबून मी शेगडीला खांदा लावला, सगळं अंग टाकलं. हलली नाही. लांजेवारनं खटका सोडून बघितला, दाबून बघितला, सोडून बघितला. दिवसातून किती वेळा बघायचा कोण जाणे. भिंतीपलीकडून मला खट, खट ऐकू यायचं.

वैशाली आली. पूर्ण बाह्यांचा कुडता, मनगटावर बटण. सईनं आल्याआल्या शेगडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वैशाली मागच्या दाराच्या चौकटीत उभी राहिली, एक हात चौकटीला. बाहेर येईना. मी निघालो, तर लांजेवारनं माझा शर्ट धरला.

"भाऊ, जाऊ नका."

"काका, चाकं तुम्ही बसवली?" वैशालीनं विचारलं.

"मी आणली. बसवली दोघांनी."

ती एक पायरी उतरली. अंग मागं ठेवून, हात लांब करून दोन्ही हातांनी शेगडीला जोरात ढकललं. शेगडी जागची हलली नाही. पुन्हा ढकललं. मग म्हणाली, "पेटवा. सई, इथे माझ्याजवळ उभी राहा. एक पाऊल पुढे नाही."

कोळसा फुलला. पाच वांगी ठेवली. आणि लांजेवार शेगडीच्या बाजूला फरशीवर उकिडवा बसला आणि खटका लावलेलं एक चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"आबा, ब्रेक आहे ना?" सई म्हणाली.

"आहे न बेटा."

"मग तुम्ही का धरलंय?"

त्यानं चाक आणखी घट्ट धरलं. वैशाली बघत होती. "सई, आत जा आणि ताटं काढ," ती म्हणाली. पोरगी गेली.

"बाबा, उठा. गुडघे दुखतील."

"वैशू, तुले एक सांगाचं होतं." मान खालीच. चाकाशी बोलल्यासारखा बोलत होता. "तुझ्या आईनं नाही ठेवली ती शेगडी. मी ठेवली होती. विटेवर. ती म्हणे मीच ठेवली म्हणते, आणि मी म्हणू दिलं."

मी कोळशाकडं बघत राहिलो. वांग्याचं साल तडकत होतं.

"मी आईला काय काय बोललेय, माहितीये तुम्हाला?" वैशालीचा आवाज एकदम हळू होता. "कॉलेजात असताना, सगळ्या मुली अर्ध्या बाह्यांचं घालतात म्हणून, महिनाभर अबोला धरला होता मी तिच्याशी. तिला म्हटलं होतं, तू माझं वाटोळं केलंस."

"हो. मी तिथंच होतो."

"तुम्ही तिथेच होतात, बाबा."

ती आत गेली. आम्ही दोघं बाहेर. आतून चेनचा आवाज आला, बॅगेच्या, लांबलचक, सर्रकन.

"निघाली," लांजेवार म्हणाला.

सांगा सांगा म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो. मी कोण सांगणारा? उद्यापासून हा भिंतीपलीकडं एकटा, त्याला मी काय तोंड दाखवू? त्याला म्हटलं, "जा आत, बोला तिच्याशी." तो नाही उठला. चाक धरून बसला. बोटांची पेरं पांढरी झाली होती. एक वांगं करपायला लागलं, ते पण कुणी उलटं केलं नाही.

वैशाली दारात आली. तोंड धुतलेलं, डोळे लाल. कुडता बदलून अर्ध्या बाह्यांचा जुना टी-शर्ट घातला होता. डावा हात उन्हात उघडा होता. मी नजर वळवली, मग वाटलं नजर वळवणं पण बरं नाही, म्हणून परत बघितलं. ती सरळ शेगडीपाशी आली आणि त्याच हातानं माझ्याजवळून चिमटा घेतला.

"करपतंय ते, दिसत नाही का तुम्हाला दोघांना?"

वांगं उलटं केलं. मग दुसरं. उलटी सगळी केली.

"रविवारपर्यंत आहोत आम्ही," बापाकडं न बघता ती म्हणाली. "तोपर्यंत मला आईचं सगळं सांगायचं. खरं काय होतं ते. रोज."

"हो."

"मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"आणि ते चाक सोडा आता. ब्रेक लागलाय, मी ढकलून बघितलंय."

लांजेवारनं एक हात काढला. दुसरा तसाच राहिला. वैशालीनं ते बघितलं, आणि पुढचं वांगं उलटं केलं.